धाऊमामा आणि ओली धामण

धाऊमामाची नक्कल करणं सगळ्यात सोपं. एक डोळा मिटायचा, मान जरा तिरकी करायची, हनुवटी पुढे काढायची आणि समोर जे असेल त्याच्याकडे अर्धा मिनिट गप बघत बसायचं. दाराची चौकट असो, विजेचा खांब असो, नाहीतर जिवंत माणूस असो. मग म्हणायचं, "डावीकडं गेलंय." संपली नक्कल.

मी अंबरनाथच्या एका फॅक्टरीत टाइम ऑफिसला कारकून होतो. वय बावीस. हजेरी लिहिणं हे पोटापाण्याचं, नकला करणं हे मनापासूनचं. मॅनेजरची करायचो, युनियनवाल्यांची करायचो, कँटीनवाल्याची तर त्याच्याच समोर त्याचाच चहा पीत करायचो. ज्याची नक्कल होते तो एकतर चिडतो नाहीतर खोटं खोटं हसतो, हा माझा अनुभव. धाऊमामानं दोन्ही केलं नाही. माझी नक्कल त्यानं नीट शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाला, "डोळा चुकला. मी उजवा मिटतो. डावा मिटलास तर लाकूड कसं दिसंल?"

आणि मला परत करायला लावली.

धाऊ मेंगाळ. बारवी धरणाकडच्या एका ठाकरवाडीतला. बॉयलरवर हेल्पर. अंगानं बारीक, पण काटक. रोज वाडीवरून बदलापूरपर्यंत चालत यायचा, पुढचं एक स्टेशन गाडीनं. सगळे त्याला मामा म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला हा पहिल्या रांगेत उभा. मॅनेजर सलाम ठोकून वळले तर समोर धाऊमामा त्यांना डोळा मारतोय! निदान त्यांना तसं वाटलं. केबिनमध्ये बोलावणं आलं. मामा म्हणाला, "साहेब, तुमच्या मागचा झेंड्याचा पाइप वाकलाय. वरच्या तिसऱ्या हिश्शात." मॅनेजरांनी माणूस पाठवून बघितलं. वाकलेला होता.

आता लाकडाचं सांगतो. मामा धनुष्यं बनवायचा. त्याचा बाप बनवायचा, आजा बनवायचा. पूर्वी वाडीवर शेताची राखण, नदीतले मासे, सगळ्याला लागायची. आता कोणाला लागत नव्हती, पण हा वर्षाला दोन-तीन बनवायचाच. धामणीच्या लाकडाची. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. कावडीला वापरतात ते, कारण वाकतं पण मोडत नाही. पौषात, पानं गळली की मामा एक सरळ खोड बघून तोडायचा, पाचरी मारून उभं चिरायचा. करवत लावायची नाही. "करवत आपल्या मनानं जाते, पाचर लाकडाच्या मनानं जाते," म्हणायचा. मग टोकांना पूर्वी शेण लिंपायचे, फॅक्टरीत लागल्यापासून हा लोखंडाला लावतात तो रेड ऑक्साइडचा रंग लावायचा. नाहीतर टोकाकडून पाणी भराभर निघतं आणि लाकूड तडकतं.

घरी ठेवायची सोय नव्हती. शेळ्या साल खायच्या, पोरं त्यांचे घोडे करून खेळायची. म्हणून त्याची लाकडं आमच्या जुन्या पॅकिंग शेडमध्ये, पत्र्याखाली, सावलीत, वारा लागेल अशी आडवी टांगलेली असायची. तिथं वर्षभर. शेवटचा एक महिना बॉयलरच्या मागच्या भिंतीला. असे तेरा महिने. तेराच्या आधी हात लावायचा नाही.

तेरा महिने तर तेरा महिने, पण मामाला लिहितावाचता येत नव्हतं, आणि महिन्यावर त्याचा विश्वासही नव्हता. त्याचा विश्वास नटांवर होता. स्टोअरमध्ये एक जुना तराजू पडलेला. सोमवारी डबा खाऊन झाला की मामा एका बाजूला लाकूड लटकवायचा आणि दुसऱ्या बाजूला कापडी पिशवी. पिशवीत लोखंडी नट. पहिल्या दिवशी दोन्ही बाजू सारख्या होतील इतके नट भरायचे. मग लाकूड वाळत जाईल, हलकं होईल, पिशवी खाली जाईल, की एक नट काढायचा. पुढच्या सोमवारी अजून एक. प्रत्येक लाकडाची वेगळी पिशवी, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधलेली. लागोपाठ चार सोमवार एकही नट निघाला नाही, की लाकूड वाळलं. पावसाळ्यात तर मजाच. श्रावणात लाकूड हवेतलं पाणी पितं, जड होतं, काढलेले नट परत आत टाकावे लागतात. मामा टाकायचा. तोंड वाकडं करायचा नाही.

असा माणूस समोर असल्यावर माझ्यासारख्याचा हात शिवशिवणारच. एप्रिल महिना, कडकडीत ऊन, मी एका पिशवीतून गुपचूप दोन नट काढून घेतले. सोमवारी मामानं तराजू लावला तर लाकूड आठवड्यापूर्वीपेक्षा जड! त्यानं परत लावला. मग लाकूड हुंगलं. मग वर चढून पत्रा बघितला. शेवटी सावंतांकडे गेला. सावंत म्हणजे बॉयलर अटेंडंट, मामाचा वरचा, सरळ कोकणी माणूस.

"तू पानी मारलंस काय लाकडावर?"

"मी कशाला मारू? मला काय लग्न लावायचंय लाकडाचं?"

झालं. दोघं बोलेनात. बॉयलरवरची दोन माणसं बोलेनाशी झाली की काम चालतं कसं, तर खुणांनी. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी नट घेऊन गेलो आणि गोष्ट हसण्यावारी न्यावी म्हणून सावंतांच्या आवाजात माफी मागायला लागलो. मामानं हात वर केला.

"स्वतःच्या आवाजात."

मी सांगतो, मला आठवेचना माझा आवाज कुठला ते. पुटपुटलो कसाबसा. मामानं नट पिशवीत टाकले, दोरा बांधला, आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. "वाकडा नाय तू," म्हणाला. "पिळलेला हायेस. वाकडं सरळ करता येतं. पिळाला लई वाफ लागते."

वाफेचं तो खरंच सांगत होता. लाकूड कितीही सरळ तोडा, वाळताना ते कुठंतरी जातंच. मग मामा ते सरळ करायचा. बॉयलरच्या ड्रेनच्या व्हॉल्व्हला एक जुना पाइप जोडलेला. लाकूड पाइपात, दोन्ही तोंडांना गोणपाटाचे बोळे, अर्धा तास वाफ. मग बाहेर काढून पटकन सागाच्या सरळ पट्टीवर बांधायचं, मध्ये पाचरी ठोकायच्या. पण सरळ करून थांबायचं नाही, सरळच्या पलीकडं, उलट्या बाजूला बोटभर वाकवायचं. मी विचारलं का, तर म्हणाला, "लाकूड दोन दिस ऐकतं. तिसऱ्या दिशी परत आपल्या घराकडं निघतं. म्हणून आधीच पुढं सोडून यायचं, म्हणजे परत येताना मधी थांबतं."

एकदा मी त्याला उल्हासनगरला घेऊन गेलो. तिथल्या फर्निचर बाजारात एक सिंधी लछूशेठ माझ्या ओळखीचे. त्यांना हॉटेलच्या भिंतीवर लावायला धनुष्यं हवी होती, वीस, तेही पंधरा दिवसांत. दुकानाच्या मागे त्यांचं घर, वर गच्ची.

"अरे मामा, लकडी मैं देता हूं, मेरे पास भट्टी है. दो दिन में सुखा के देतो," लछूशेठ म्हणाले. मराठी बोलायचा त्यांचा मनापासून प्रयत्न असायचा.

"तडकंल," मामा म्हणाला.

"दीवार पे टांगना है, साईं! कोण बाण मारतंय?"

मामा वर गच्चीकडे बघत होता. तिथं शेठाणी पापड वाळत घालत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामानं हाक मारली, "बाय, हे पापड आतमधी तव्यावर टाकून सुकवलेस तर?"

"पागल है क्या? भाजला जाईल, वाळणार नाही."

मामानं शेठकडे बघितलं. शेठनं बायकोकडे बघितलं. वरून शेठाणी म्हणाल्या, "ये आदमी बरोबर बोलतो. तुम सुनते नहीं किसी का." आणि एक पापडाचं पुडकं खाली टाकलं मामासाठी. ऑर्डर गेली. परतताना मी कुरकुर करत होतो, कारण ओळख माझी होती. मामा पुडकं हुंगत म्हणाला, "भिंतीवरचं का असंना, कोनतरी एक दिस खाली काढून ओढून बघंलच."

हे सगळं सांगतोय कारण नेमक्या याच माणसानं एकदा घाई केली.

त्याला एक मुलगी होती, सांगी. बदलापूरच्या शाळेत दहावीला. बापासारखीच बारीक, बापासारखीच कमी बोलणारी, पण बोलली की लागायचं. शाळेत एक खेळाचे सर होते, त्यांनी धनुर्विद्येची टीम काढली होती. तीन बांबूची धनुष्यं, तिन्ही जुनी, आणि अकरा मुलं. सांगीचा हात असा होता की सर तिला इतरांच्या आधी नेम मारू द्यायचे नाहीत, कारण मग बाकीचे खट्टू व्हायचे. मामा तिच्यासाठी एक लाकूड वाळवत होता. पौषात तोडलेलं, लाल दोऱ्याची पिशवी. म्हणजे पुढच्या माघात धनुष्य. ठरलेलं.

गणपतीत सर फॅक्टरीच्या गेटवर आले. मीच त्यांना आत घेतलं. जिल्ह्याची निवड ठाण्याला, दसऱ्यानंतर लगेच. सांगीला वयाची अट होती. हे वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी तिला त्या गटात उभंच राहता येणार नव्हतं.

"शाळेच्या धनुष्यानं नाही का चालणार?" मी विचारलं.

"तिचा हात धनुष्याच्या पुढं गेलाय," सर म्हणाले. "ते डावीकडं ओढतं. ती मनात हिशोब करून उजवीकडं मारते. किती दिवस करणार?"

मामा बॉयलरजवळ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. सर गेल्यावर तो पॅकिंग शेडमध्ये गेला आणि लाल दोऱ्याचं लाकूड उतरवून बॉयलरच्या मागं नेलं. आठवा महिना. त्यातून पाऊस अजून पुरता गेला नव्हता, म्हणजे लाकूड नुकतंच श्रावणात पाणी पिऊन बसलेलं.

मी त्याला काही बोललो नाही. सावंत बोलले. "मामा, तूच सांगतोस ना रे सगळ्यांना?" मामा म्हणाला, "थोडं लांबच ठिवतो भिंतीपासून." दुसऱ्या आठवड्यात ते लाकूड भिंतीला टेकलेलं होतं.

सोमवारी तराजूवर मी मुद्दाम जाऊन उभा राहायचो. एरवी आठवड्याला एक नट निघायचा. आता तीन निघाले, पुढच्या खेपेला चार. म्हणजे लाकूड नुसतं पळत होतं. पळता पळता ते वाकलं. मामानं वाफ दिली, पट्टीवर बांधलं. मग ते दुसरीकडं वाकलं. परत वाफ. खरंतर वाफ म्हणजे परत पाणीच. हे त्याला मी सांगायचं?

दर सोमवारी संध्याकाळी सांगी शाळा सुटली की मुद्दाम एक स्टेशन उलटं येऊन गेटवर यायची, बापाबरोबर घरी जायला. प्रश्न एकच.

"आज किती निघालं?"

पहिले दोन आठवडे मामा खरं सांगायचा. मग एका सोमवारी, मी हजेरीबुक बंद करत होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. मामा म्हणाला, "येकपन नाय."

त्या दिवशी तीन निघाले होते. मी मोजले होते. सांगीनं बापाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पेनाचं टोपण शोधायला लागलो. ते पेनालाच होतं.

मग त्यानं तासायला घेतलं. आणि धनुष्य झालं मात्र देखणं. खोटं कशाला सांगू. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. एक डोळा मिटून मीही बघितलं, सरळ होतं. ज्यानं बनवलं त्यानं पहिलं ओढायचं, आणि जो वापरणार त्याच्यापेक्षा चार बोटं जास्त ओढायचं, ही त्यांच्याकडची पद्धत. म्हणजे जे व्हायचं ते बनवणाऱ्याच्या हातात होऊ दे. निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर सांगी, सर, मी आणि दोन-चार पोरं असे उभे होतो. मामानं दोरी चढवली. थोडं ओढलं, सोडलं. अजून थोडं ओढलं, सोडलं. असं दहा-बारा वेळा. मग सांगीच्या मापापर्यंत. मग त्याच्या पुढं चार बोटं.

तिसऱ्या बोटाला आवाज आला. मोठा नाही, काडेपेटीतली काडी मोडल्यासारखा. मामानं सोडायला हवं होतं. सोडलं नाही, चौथ्या बोटापर्यंत ओढलं. वरची बाजू फुटून उडाली आणि मामाच्या भुवईवर बसली.

रक्त आलं. सर फडकं घेऊन धावले. मामा खाली बसून तुकडे गोळा करत होता. फुटल्या जागी त्यानं अंगठा दाबला आणि तो अंगठा सांगीच्या गालाला लावला. गार लागला म्हणे तिला. लाकूड आतून ओलं.

सांगी म्हणाली, "किती निघत होतं?"

"तीन."

"आन् मला सांगितलंस येकपन नाय."

"व्हय."

"माझ्या हातात मोडलं असतं तर?"

"म्हनून तर मी आधी—"

"तू गप." आणि मग माझ्याकडे वळून, "तुमी पन." 

ठाण्याला ती शाळेच्या त्याच डावीकडं ओढणाऱ्या धनुष्यानं खेळली. मामा डोक्याला पट्टी बांधून गेला होता. मी रजा टाकून गेलो होतो. आठ जण घेणार होते, ती नववी आली. परत येऊन बदलापूर स्टेशनबाहेर सांगीनं दोन वडापाव घेतले, एक बापाला दिला, एक आपण खाल्ला. मला दिला नाही. दोघं वाडीच्या रस्त्याला लागली.

मला वाटलं, आता मामा ते तुकडे जाळून टाकणार. त्यानं उलटं केलं. मोठा तुकडा फॅक्टरीत आणला, टोकांना रेड ऑक्साइड लावला, शेडमध्ये टांगला आणि त्याला नवी पिशवी लावली. कोणी विचारलं की स्वतःच दाखवायचा. "बघा, घाईनं मोडलं." दर सोमवारी वजन. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. नट निघतच होते. जानेवारीच्या शेवटी थांबले. त्या सोमवारी सांगी गेटवर आली तेव्हा मामा म्हणाला, "आज थांबलं. चार महिने कमी पडलं."

सांगीनं विचार केला. मग म्हणाली, "मग आता दुसरं कधी तोडतोस? पौष संपत आला."

"तुला आता कशाला? निवड तर गेली."

"निवड गेली. माझे हात गेले काय?"

त्या रविवारी दोघं बापलेक जंगलात गेली. झाड तिनं निवडलं म्हणे. मामानं दोन नापास केली, तिनं तीन.

ते लाकूड चौदा महिने टांगलेलं होतं, तेरा नाही. बॉयलरजवळ नेलंच नाही. सांगी दहावी झाली आणि उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात शिवणावर लागली. तीही आता कामावरची, त्यामुळे आमच्या फॅक्टरीवर यायची बंद झाली. मी अधूनमधून बाजारात गेलो की दिसायची, केसांत निळ्या दोऱ्यांचे तुकडे. बोलायची माझ्याशी. बऱ्याच दिवसांनी, पण बोलायची.

पुढं माझीही नोकरी बदलली. निघायच्या आधीच्या रविवारी मामानं मला बोलावलं. शाळेचं तेच मैदान. सांगीनं कारखान्यातून जीन्सची कात्रणं आणली होती, ती पोत्यात ठासून निशाण केलेलं, लांब, चिंचेच्या खाली. मामानं धनुष्य काढलं. पंधरा दिवस तो ते आधी स्वतः ओढत होता, चार बोटं पुढं, रोज. भुवईवरची खूण पांढरी पडली होती. त्यानं ते सांगीच्या हातात दिलं आणि तिच्या शेजारी न थांबता समोरच्या अंगाला, जरा बाजूला जाऊन उभा राहिला.

सांगीनं ओढणी कमरेला खोचली. बाण लावला. ओढलं. पूर्ण ओढून थांबली, इतका वेळ की माझाच हात दुखायला लागला. मग सोडला.

उन्हात मला आणि सांगीला नीट दिसलं नाही. सांगीनं कपाळावर हात धरून बघितलं.

"बाबा, लागला का?"

मामा अजून धनुष्याकडेच बघत होता. एकदा वरच्या बाजूकडे, एकदा खालच्या.

"कुनाला ठाऊक. मी कुठं तिकडं बघितलं," तो म्हणाला. "परत मार."